लाख्या, चांद्या आणि लांब मानेचा पाइप

माझ्या सासऱ्यांचे दोन्ही बैल वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत, पण सासुरवाडीत मान त्यांचा मोठा आहे.

याबद्दल माझी तक्रार नाही. (होती. आता मागे घेतली आहे.) मी आमगावचा, शाळेच्या वह्या-पुस्तकांचा दुकानदार. सासुरवाडी सालेकशाच्या पलीकडे, दरेकशाच्या वाटेवर, जंगलाला पाठ टेकून बसलेली. तिथे गेलो की सासरे, म्हणजे आमचे मामाजी, विचारतात, "जेवले का जवाईबापू?" आणि माझं उत्तर यायच्या आत गोठ्याकडे चालू लागतात. गोठ्यात लाख्या आणि चांद्या. एके काळी या जोडीने शंकरपट गाजवले होते. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आमच्याकडे त्या दिवशी गावात लेकी-जावयांसकट सगळं गणगोत गोळा होतं. पण ही गोष्ट घडली तेव्हा जोडी म्हातारी झाली होती. लाख्याला डाव्या डोळ्याने कमी दिसायचं आणि चांद्या उभ्याउभ्या झोपायचा.

या घरात मी दिवाळीला क्वाड घेऊन गेलो.

क्वाड म्हणजे चारचाकी फटफटी. नागपूरकडचा एक मौजमजेचा पार्क बंद पडला, तिथून मी ती उचलली होती. टू-स्ट्रोक, स्पोर्टवाली! हँडल मोटरसायकलचं, चाकं ट्रॅक्टरच्या लहान भावाची, आवाज पिठाच्या गिरणीचा आणि धूर वीटभट्टीचा. "शाळांना पुस्तकं पोचवायला घेतली," असं मी वनिताला, म्हणजे बायकोला, सांगितलं.

तिने गाडीभोवती एक चक्कर मारली. "पुस्तकं ठेवसान कुठं जी हिच्यावर?"

(याचा विचार मी केला नव्हता.)

तर दिवाळीला आम्ही दोघं त्यावर बसून सासुरवाडीला पोचलो. ऐन अंगणात, सगळे पाहुणे बघत असताना, गंजलेला सायलेन्सर तुटून खाली पडला. त्यानंतर जो आवाज झाला त्याने कोंबड्या छपरावर गेल्या आणि चांद्या चक्क जागा झाला. मामाजी शांतपणे आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "जवाईबापू, तुमच्या जनावराचं शेपूट पडलं."

अंगण हसलं. माझं डोकं फिरलं.

"शेपूट नवं बसवता येतं, मामाजी! पण तुमची ही म्हातारी जोडी आता बाजारात न्या. जमाना मशीनचा आहे. मी हिला पटात उतरवलं तर तुमचे बैल धूळसुद्धा बघणार नाहीत!"

अंगणातलं हसू थांबलं. मामाजींनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"लावा मंग. पौषात आपल्याच गावचा पट आहे. तुम्ही जिंकले तं जोडी बाजारात. अन् जोडी जिंकली तं?"

"तर... तर मी येईन तेव्हा गोठ्याचं शेण मी काढीन!"

"किती साल?"

"जोडी आहे तोवर!" मी छाती काढून म्हणालो. (म्हटलं, असून असून किती दिवस असणार! जोडी आजही आहे, आणि लाख्या तर दिवसेंदिवस तरुण होत चालला आहे.)

परतीच्या वाटेवर वनिता एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, आवाजामुळे ऐकू येत नसेल.

आता पाइप निवडणं आलं. गोंदियाला गुड्डूभाईचं गॅरेज आहे. मी निघालो तर सालेकशाहून आलेल्या त्याच गाडीत मामाजी आधीच बसलेले!

"तुम्ही कायले, मामाजी?"

"समोरची जोडी पाहून घ्या लागते ना."

गुड्डूभाईने दोन पाइप समोर ठेवले. एक चकचकीत, आखूड मानेचा आणि पोट सुटलेला. लग्नाच्या तिसऱ्या पंगतीतून नुकताच उठल्यासारखा. दुसरा काळा, लांब मानेचा, अंगाने सुकलेला. महिनाभर उपास करून आल्यासारखा. गुड्डूभाईचे दोन्ही हात ग्रीसमध्ये, त्यामुळे तो सगळं हनुवटीने दाखवत होता.

"देखो भैया, टू-स्ट्रोक में सारा खेल पाइप का है. पाइप बदला तो समझो इंजन बदल गया. ये वाला पहले झटके से खींचेगा. और ये वाला आधे रास्ते सोता रहेगा, फिर एकदम जागेगा, तो तुमको भी पता नहीं चलेगा कहाँ पहुँच गए. समझे?"

हनुवटी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, मध्येच मान खाजवायला खांद्यावर गेली. कोणता झटक्याचा आणि कोणता झोपेचा, मला काहीही कळलं नाही.

"समझा, समझा," मी म्हणालो. "मालूम है मेरेको."

(माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं या वाक्याने सुरू झालेली आहेत.)

तोवर मामाजींनी तपासणी सुरू केली होती. दोन्ही पाइपांभोवती चक्कर मारली. पाठीवरून तळहात फिरवला. पोटाला टिचक्या मारून कान लावला. मग उकिडवे बसून तोंडात डोकावले.

"मामाजी, त्याला दात नसतात!" मी कुजबुजलो.

"तोंड तं आहे ना?"

शेवटी त्यांनी काळ्या पाइपाच्या मानेवर थाप मारली. "हा घ्या जवाईबापू. लांब मानेचा."

"का बरं?"

"मले पटला."

आता मला सांगा, ज्यांच्या बैलांना हरवायचं आहे तेच मला हत्यार निवडून देणार! मी मनात हसलो आणि चकचकीत पाइप उचलला. पण गुड्डूभाई म्हणाला, "दोनों ले जाओ भैया. लगा के देखो, जो जमे वो रख लो." म्हणून परतताना गाडीत एक पाइप माझ्या मांडीवर आणि एक मामाजींच्या. समोरच्या माणसाने बराच वेळ बघून विचारलं, "कोन्या बँडचे होय जी तुम्ही?"

मामाजी म्हणाले, "आमची पार्टी पौषात वाजते."

घरी येऊन मी चकचकीत पाइप बसवला. गाडी सुरू करताच शेजारच्यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सरगुंड्या, म्हणजे आमच्याकडच्या जाड शेवया, खाली आल्या. मी खूश! हा आवाज ऐकूनच बैल बसतील.

आणि त्याच दिवशी, दिवाळीनंतर पहिल्यांदा, वनिता बोलली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लाख्याची माय तो आठ दिसाचा असतानी मेली. मी बाटलीनं दूध पाजून वाचवलं त्याले. माझ्या लग्नात वरातीच्या रेंगी-गाडीले तोच जुपला होता. गावाच्या शिवेवर मान मागं वळवून उभा राहिला, पुढं जायेच ना."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"म्हाताऱ्या बैलाले बाजारात गिऱ्हाईक कोन लागते, सांगा ना जी तुम्हीच."

सूप जोरात आपटलं गेलं.

"मग मी पैज मागे घेतो! आत्ता फोन लावतो मामाजींना!"

"मी का नाही बोलली असन? बाबा आयकून नाही राहिले. शब्द म्हंजे शब्द म्हनते. तुम्ही जिंकले तं दुसऱ्याच दिवशी नेते ते जोडी."

म्हणजे एकच रस्ता उरला होता. हरणं! पण असं, की कोणाला संशय येऊ नये. नुसतं हळू चालवावं तर मामाजी तिथेच ओळखणार. पन्नास वर्षं पट बघितलेला माणूस तो. हरणाऱ्या पाइपानेच हरायला हवं होतं. पण हरणारा कोणता? झोपाळू की झटक्याचा? आणि मुळात झोपाळू कोणता? गुड्डूभाईची हनुवटी आठवायचा मी खूप प्रयत्न केला. मला फक्त दाढी आठवली.

शेवटी फोन लावला. "गुड्डूभाई, उन दोनों पाइप में से... समझो, किसी को हारना है, तो कौनसा अच्छा रहेगा?"

पलीकडची ठोकाठोकी थांबली. मग, "भैया, तबियत तो ठीक है ना?"

मी फोन ठेवला आणि डोकं लढवलं. मामाजींना आपली जोडी जिंकायला हवी आहे. मामाजींना पारख आहे. मामाजींनी मला काळा पाइप घे म्हटलं. म्हणजे काळा, लांब मानेचा पाइप हाच हरणारा! इतका स्वच्छ हिशोब माझ्याकडून शाळेतही कधी सुटला नव्हता. मी त्याच दिवशी चकचकीत काढला आणि काळा बसवला. वनिताला काही सांगितलं नाही. नंतर सांगून चकित करायचं होतं.

पटाचा दिवस उजाडला. धान निघून गेलेल्या मोकळ्या शिवारात ही गर्दी! सुरुवातीच्या रेषेमागे बैलांच्या चाऱ्याला आणलेल्या तणसीचा घराएवढा ढीग. माइकवाला सकाळपासून माझा उद्धार करत होता: "आज विशेष आकर्षण! इकडून सासऱ्याचे बैल, तिकडून जवायाची फटफटी! लोकाहो, लहान लेकरं सांभाळा!"

वनिताने माझ्या हेल्मेटचा पट्टा बांधला, माझ्याकडे बघितलं नाही. पलीकडे छकड्यावर मामाजी स्वतः, डोक्याला धुतलेला पांढरा दुपट्टा. लाख्या-चांद्याच्या शिंगांना नवा रंग. चांद्या झोपला होता. मामाजींनी वाकून माझा पाइप बघितला.

"तोच बसवला?"

"तोच, मामाजी."

"शाबास!" ते हसले. मीही हसलो. मला वाटलं, आम्ही दोघंही एकाच गोष्टीसाठी हसतो आहोत.

झेंडी पडली.

मी अंगठ्याने रेस दाबली. जास्त नाही; हरायचं असलं तरी निघायला तर हवं! पण त्या उपाशी पाइपाने असा काही झटका दिला की पुढची दोन्ही चाकं आभाळात गेली आणि पुढच्या क्षणी मी एकटाच जमिनीवर बसलेलो होतो. गाडी गर्रकन फिरली आणि माझ्याकडेच तोंड करून भुर्रभुर्र करत उभी राहिली.

"जवाईबापू खालतं, फटफटी वरतं!" माइक ओरडला. "उठा जवाईबापू, उठा!"

हजार माणसं 'उठा' म्हणत असताना हरायचं ठरवलेला माणूससुद्धा उठतो. धूर आणि धूळ इतकी होती की हेल्मेटमधून हातभर दिसत नव्हतं. मी गाडीवर चढलो आणि गाडीचं तोंड होतं त्या दिशेने सुटलो. काय तो वेग! दोन्ही बाजूंनी माणसं उड्या मारून बाजूला होत होती, बाया किंचाळत होत्या, माइकवाला काहीतरी जिवाच्या आकांताने सांगत होता. बैल कुठेच दिसेनात! म्हणजे मी त्यांना मागे टाकलं! अरे देवा, मी जिंकून राहिलो! लाख्या बाजारात जाणार, बायको माहेरी राहणार! थांब, थांब, मी स्वतःला सांगत होतो, पण घाबरलेला अंगठा रेसवरून उठेना.

मग एकदम अंधार झाला. शांतता. तोंडात तणीस.

मी सुरुवातीच्या रेषेमागच्या ढिगात, गाडीसकट, आरपार नाही पण बराच आत गेलो होतो. बाहेरून माइक स्पष्ट ऐकू येत होता: "लाख्या-चांद्याची जोडी निशाणाकडे जाऊन राहिली... चांद्या मधातच मुतायले थांबला... थांबू द्या, घाई नाही... जवाईबापू अजून तणसीतच आहेत... चांद्याचं झालं... अन् जिंकली! जोडी जिंकली!"

मला पाय धरून बाहेर ओढण्यात आलं. वनिता धावत आली. माझ्या केसांतली तणीस काढता काढता ती हसत होती आणि रडतही होती. हीच वेळ होती. मी तिच्या कानात म्हणालो, "मी मुद्दाम हरलो गं. तुझ्यासाठी."

ती थांबली. "मुद्दाम? मुद्दाम हरतानी कोनी उलटं पळते का जी?"

"खरंच! मी हरणारा पाइप बसवला होता!"

मागून आवाज आला, "कौन बोला?" गुड्डूभाई मुद्दाम पट बघायला गोंदियाहून आला होता. "यही तो पहले झटके वाला है, भैया! छोटी दौड में इससे बढिया पाइप नहीं. दूसरा लगाते तो आधे मैदान तक रेंगते रहते."

मी तणसीसकट मामाजींकडे वळलो. "मामाजी, तुम्ही मला जिंकणारा पाइप निवडून दिला? कायले?"

मामाजी लाख्याच्या मानेखाली खाजवत होते. "मंग काय मरतुकडा देऊ? समोरची जोडी तोलाची नसली तं जिंकून कायची मजा जवाईबापू? माझ्या पोराईचा अखेरचा पट होता तो."

एवढं बोलून ते दुपट्ट्याने डोळे पुसायला लागले. धूर फार झाला होता, असं ते म्हणाले.

याला आता तीन वर्षं झाली. हरण्यासाठी मी जिंकणारा पाइप बसवला आणि तरीही स्वतःच्या हिमतीवर हरून दाखवलं, हे मी वनिताला अधूनमधून समजावतो. ती "हो जी, हो जी" म्हणते आणि शेजारणीला हाक मारून म्हणते, "या ना वो, आयका, हे पुन्हा मुद्दाम हरून राहिले."

परवा सासुरवाडीला गेलो. शब्दाप्रमाणे सकाळी गोठ्यात फावडं मारत होतो. मामाजी दाराशी बसले होते.

"जवाईबापू, पाइप दोन्ही चांगले निंघाले," ते म्हणाले. "येत्या पटापावतर एखादा चालवनारा पाहून ठेवा."

"मी आहे ना, मामाजी!"

त्यांनी लाख्याकडे बघितलं. लाख्याने उजव्या डोळ्याने मला नीट न्याहाळलं, थोडा विचार केला, शेपूट उचललं आणि आपलं मत दिलं.

मी ते घमेल्यात भरलं.