ढिला की टाइट

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रकला टॉर्क कन्व्हर्टर कोणता घ्यावा हे माझ्या नवऱ्याला विचारलं, तेव्हा मी त्या दोघांच्या मधोमध बसून वांग्याचं भरीत खात होते. विचारताना आप्पांनी माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. मी जरा मागे सरकले असते तर त्यांची सोय झाली असती. मी सरकले नाही.

बाकीच्या बायका नवऱ्याच्या मैत्रिणींवर जळतात म्हणे. मी नवऱ्यावरच जळत होते, आणि तेही माझ्या बापापायी. लग्न झालं आणि पेठ रोडच्या आमच्या गॅरेजमध्ये जावयाचं राज्य सुरू झालं. जावयाला दहावा ग्रह म्हणतात, पण आमच्याकडे तो थेट सूर्य झाला. त्याला चहा कपबशीत, मला काचेच्या ग्लासात. तो 'पाव्हणं', आणि मी 'ए'.

शाळा सुटली की मी घरी न जाता गॅरेजमध्ये जायची. पुढे मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, आणि आता अंबडच्या एका कारखान्यात इंजिनं टेस्ट करते. कारखान्यातली मोठी माणसं माझ्या टेबलाशी येऊन विचारतात. आप्पांनी मात्र 'धर' आणि 'बाजूला हो' यापलीकडे माझ्याशी इंजिनाबद्दल कधी शब्द काढला नव्हता. पिकतं तिथं विकत नाही, हे खरं. पण निदान भाव तरी विचारावा.

नवरा नामपूरचा. खोदकामाच्या मशीनची सर्व्हिस करतो आणि त्या मशीनमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतातच. म्हणजे आप्पांनी त्याला विचारणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि हेच तर माझं दुखणं होतं. तो बिनडोक असता तर मी त्याची कीव केली असती आणि शांत झोपले असते.

प्रश्न आला होता आप्पांच्या डाव्या गुडघ्यामुळे. त्यांचा एक जुना छोटा ट्रक आहे. चुलत्यांच्या मळ्यातला भाजीपाला वर्षानुवर्षं त्यातूनच मार्केटला गेला. घाटात तो मागे पडू नये म्हणून आप्पांनी हौसेनं इंजिनाला मोठा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवला, डिझेल पंपाचं सेटिंग वाढवलं. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं बंद पडलं. ट्रक विकून टाका, असं आई एकदाच म्हणाली. आप्पांनी समोरचं ताट बाजूला सारलं. शेवटी भंगार बाजारातून, अपघातात गेलेल्या एका पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. गिअरबॉक्स चांगला निघाला, पण त्याचा कन्व्हर्टर आतून खलास होता.

कन्व्हर्टर म्हणजे क्लचच्या जागी बसणारा, तेलानं भरलेला बंद डबा. आत समोरासमोर दोन पंखे. एकाला इंजिन फिरवतं, त्यानं ढकललेल्या तेलावर दुसरा फिरतो आणि चाकांना ओढ देतो. टाइट कन्व्हर्टर इंजिन जरा फिरलं की पकड घेतो. ढिला असला तर इंजिनाला आधी वर चढू देतो, मग पकडतो. मालेगावचा एक कारागीर तो डबा कापून, आतलं बदलून हवा तसा बनवून देतो. त्यानं फोनवर आप्पांना एवढंच विचारलं होतं, ढीला बनाऊँ या टाइट? तोच प्रश्न आता भरताच्या ताटावरून नवऱ्याकडे निघाला होता.

नवरा म्हणाला, टाइट. ढिल्यात तेल तापतं, आमच्या मशीनचा अनुभव आहे. त्याच्या मशीनपुरतं ते बरोबर होतं. मी म्हणाले, आपलं इंजिन वेगळं आहे, हा मोठा टर्बो मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या अलीकडे जागाच होत नाही. टाइट कन्व्हर्टर इंजिनाला तिथवर पोचूच देणार नाही. आपल्याला ढिलाच पाहिजे.

आप्पा हसले. आमच्याकडे ढिला म्हणतात नाडीला, डोक्यातल्या स्क्रूला आणि ज्याचं घरात काही चालत नाही अशा पुरुषाला. सबंध पेठ रोडला माहीत असलेल्या आप्पांच्या ट्रकमध्ये ढिलं काही बसणं शक्य नव्हतं. "पाव्हणं म्हणत्यात तेच बरोबर हाय," ते म्हणाले आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी पडली.

टाइट कन्व्हर्टर आला, बसला. तो बसवताना त्या दोघांचं जे काही गूळपीठ जमलं ते मी दारातून पाहत होते. आप्पा त्याला जुन्या गोष्टी सांगत. त्यातल्या कितीतरी मी कधी ऐकल्याच नव्हत्या. नवरा घरी येऊन त्या मला सांगायचा, आणि मी ऐकलेल्या असल्यासारखी मान डोलवायची.

रविवारी टोमॅटोचे भरलेले क्रेट लादून आम्ही पेठच्या वाटेला लागलो. स्टिअरिंगवर आप्पा, शेजारी नवरा, केबिनमधल्याच मागच्या फळीवर मी. सपाटीला ट्रक छान पळाला. आप्पांनी डावा पाय नुसता ठेवून दिला होता आणि मधूनमधून ते त्या पायाकडे कौतुकानं बघत होते. घाटात पुढची एसटी थांबली म्हणून आम्हीही चढावर थांबलो. एसटी गेली. आप्पांनी एक्सीलेटर दाबला. इंजिन कण्हलं, काळा धूर निघाला आणि ट्रक जागचा हलेना. मागून हॉर्न सुरू झाले.

मला इतका आनंद झाला की तो दिसू नये म्हणून मी खिडकीबाहेर दरीकडे बघत बसले. बापाचा ट्रक भर चढावर अडकलाय, धुरानं खोकला येतोय, आणि मनात माझे पेढे वाटून झाले होते.

कसाबसा ट्रक मागे घेऊन आप्पांनी कडेला लावला. आम्ही सगळे उतरलो. नवऱ्यानं धूर पाहिला आणि सरळ म्हणाला, "मामा, हिचं बरोबर होतं. ढिलाच घ्यायला पाहिजे होता."

हरलेल्या माणसानं इतक्या मोकळेपणानं हरू नये. त्यानं थोडा वाद घातला असता, रस्त्याला, डिझेलला दोष दिला असता, तर मला जिंकल्यासारखं वाटलं असतं. आता माझं बरोबर असणंही त्याच्याच तोंडून आप्पांपर्यंत पोचलं.

आणि आप्पा? त्यांनी फडक्याला हात पुसले आणि त्यालाच विचारलं, मग किती ढिला घ्यायचा म्हणता?

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "आप्पा, मी इथं उभी आहे. एकदा तरी मला विचारा."

ते खरोखर गोंधळले. माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्याकडे गाडीभाडं मागितलं होतं. मग म्हणाले, "तुला काय विचारायचं? घरच्या माणसाला कोणी विचारतं का? विचारत्यात पाव्हण्याला."

घाट उतरेपर्यंत मी त्या वाक्यावर खूश होते. खाली आल्यावर लक्षात आलं, विचारलं तर अजूनही त्यालाच होतं.

पुढच्या आठवड्यात गिअरबॉक्स परत उतरवायला घेतला. नवऱ्यानं रजा टाकली होती. मी कामावरून परस्पर गॅरेजला पोचले, तर तो ट्रकखाली उताणा पडलेला आणि आप्पा बाहेरून त्याच्यावर ओरडत होते. "अरे, बघतोस काय, खालून धर. हात मधी घालू नको, किती खेपा सांगायचं तुला?" अरे. तुला. मी जागच्या जागी थांबले. मला वाटलं नवरा दुखावेल, पण खालून त्याचं हसणं ऐकू आलं.

मला पाहून आप्पांचा आवाज उतरला. त्यांनी एक स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मालेगावला फोन लावला, आणि हाताच्या तळव्यानं फोन झाकून मला विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय? किती ढिला सांगू?"

अख्खं आयुष्य ज्याची वाट पाहिली ते हे होतं. मी म्हणाले, बावीसशे फेऱ्यांना पकडेल असा सांगा, आणि तेल थंड करायला आपण मोठा कूलर लावू. आप्पांनी शब्दही न बदलता ते फोनवर सांगितलं. मग माझ्याकडे बघून मान हलवली, गिऱ्हाइकाला हलवतात तशी.

ट्रकखालून नवऱ्यानं पाना मागितला. पाना माझ्याच बाजूला पडला होता. मी वाकून तो उचलायला गेले.

"तू बस," आप्पा म्हणाले, "कपडे खराब होतील."

आणि गुडघा सांभाळत स्वतः उठून त्यांनी तो पाना उचलला. खालून नवऱ्याचा ग्रीसनं माखलेला हात बाहेर आला. आप्पांनी त्या हातावर एक चापट मारली आणि मग पाना दिला. त्या हाताचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा त्याच्या मताचा कधीच वाटला नव्हता.