शेळ्यांची भूक, माझी भूक

पीएचडीसाठी मी लेप्टिनचं जनुक निवडलं, पण विषय कुणाला सांगायची वेळ आली की मी बोलणं दुसरीकडे वळवायचे. लेप्टिन अंगातल्या चरबीतून रक्तात येतं आणि मेंदूला कळवतं, पुरे, आता थांब. ते बनवणारं जनुक गाय, म्हैस, शेळी, मेंढी या सगळ्यांत बरंचसं सारखं असतं. तरी थोडे फरक असतात, अगदी एकाच गोठ्यातल्या दोन जनावरांतही. ते फरक मी शोधत होते. पण भुकेबद्दल माझ्यासारख्या लठ्ठ मुलीनं बोलायचं म्हणजे ऐकणारा आधी माझ्या पोटाकडे बघणार.

एकदा मी आणि माझी मैत्रीण सोलापूरजवळच्या कुंभारी गावात शेळ्यांचं रक्त घ्यायला गेलो. शेळ्यांच्या मालकीणबाई एकेक शेळी धरून देत होत्या. त्यांनी विचारलं, "ह्या रगतात काय बगता?"

"काहींना भूक जास्त का लागते, ते."

"मग तुमचंबी काडा की वाईच!"

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. जमलेल्या बायका हसल्या. मैत्रिणीनं रक्ताच्या नळ्या ठेवायच्या बर्फाच्या पेटीत तोंड घातलं, पण तिचे खांदे हलत होते. मीही हसले. पुढच्या शेळीची शीर मात्र काही केल्या सापडेना.

काम झाल्यावर बाईंनी आम्हाला भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. सकाळपासून माझ्या पोटात फक्त चहा होता. एक भाकरी संपली तशी त्या दुसरी घेऊन आल्या.

"नको, पोट भरलं," मी म्हणाले.

मैत्रिणीनं सहज घेतली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "चटनी ग्वाड न्हाय लागली व्हय?" त्यांचा चेहरा उतरला होता. मी पाणी पीत राहिले.

परत येताना मैत्रिणीला सोडलं आणि एका गाड्यापाशी, रस्त्याकडे पाठ करून, भराभर वडापाव खाल्ले. जुळे सोलापूर भागातल्या घरी पोचले तर आईनं ओढणीवरचा डाग पाहिला.

"बाहेर खाल्लंस ना?"

मला रडू फुटलं. "आई, एकच कडबा खाणाऱ्या शेळ्यांतसुद्धा फरक असतो गं!" बोलून गेले आणि आणखीनच लाज वाटली. माझं जनुक कुणी तपासलं होतं? माणसाचं इतकं सोपं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आता स्वतःचा अभ्यास मी ढालीसारखा पुढे केला होता.

आईनं ओढणीवरचा डाग पाण्यानं पुसला. मग म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा मीही अशीच होते. तुझी आजी माझ्या ताटाकडे बघायची. म्हणून मी सगळ्यांचं झाल्यावर जेवते, ओट्यापाशी उभ्यानं."

मला वाटायचं, तिला कामाची घाई असते. इतकी वर्षं तिच्या हातचं खाऊन मी तिला, आमच्याबरोबर का बसत नाहीस, असं एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती ताट घेऊन आमच्याबरोबर बसली. बाबांनी सरकून जागा दिली आणि विचारलं, "आज काय विशेष?"

आम्ही दोघींनी खाली बघितलं. पण ती उठली नाही.