रिकाम्या पदावरची सही

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं लक्षात आहे, बहुधा ते मला आजवर पुरतं उलगडलं नाही म्हणून.

औद्योगिक पट्ट्यातल्या एका शहरात मी वरिष्ठ पोलीस निरीक्षक होतो. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. महापालिकेची मुदत संपलेली, निवडणुका लांबलेल्या, कारभार प्रशासकाकडे. एका सकाळी हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, तेव्हा अतिक्रमण विभागातल्या अभियंत्याचा फोन आला.

"साहेब, महापौरांचं पत्र आलंय. कारवाई थांबवा म्हणून."

"शहराला महापौर आहे कुठे?"

"तेच तर. आमच्या नव्या पोराने पत्र खरं मानून जेसीबी परत पाठवला."

पत्र मागवून घेतलं. कागद महापौर कार्यालयाचा, गोल शिक्का, तारीख चालू आठवड्यातली. रस्ता रुंदीकरणात जाणारी एक वस्ती पाडू नये, असा आदेश. वस्तीत चाकणच्या कंपन्यांत जाणारी कामगार कुटुंबं राहत होती. सही माजी महापौरांची.

हे गृहस्थ शहराला परके नव्हते. कारखान्याच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटणारा गावठाणातला तरुण नगरसेवक झाला आणि पुढे तीन वेळा महापौर. मधल्या काळात त्या खुर्चीत दुसरं कुणी असलं, तरी लोक कामं घेऊन त्यांच्याच ओट्यावर जात. नळजोडणीपासून शाळाप्रवेशापर्यंत त्यांचा शब्द चाले. गेली दोन-तीन वर्षं मात्र ते कुठल्या कार्यक्रमात दिसले नव्हते.

अभियंत्याच्या फिर्यादीवरून फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला. संशय सरळ होता. जुने कोरे कागद एकाच माणसाकडे असणार, ते म्हणजे महापौरांचे पीए. लातूरकडचे, साठी ओलांडलेले, अंगाने बारीक. त्यांना बोलावलं, तर ते कपड्यांची पिशवी घेऊनच आले.

"साहेब, मीच टाईप केलं. सही बी मीच मारली."

"कशासाठी?"

"चूक झाली म्हणूलालो ना. अटक करा."

गुन्हेगार आधी नाकारतो, मग अर्धं कबूल करतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो. चहा येण्याआधी सगळं अंगावर घेणारा माणूस बहुतेक वेळा कुणाला तरी झाकत असतो. मी पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर दहा नमुना सह्या करायला सांगितल्या. पत्रावरची सही झोकात होती, शेवटी वर उडालेला फराटा. पीएंच्या दहाही सह्या शाळेतल्या मुलाने गिरवाव्यात तशा. तिसऱ्या सहीपासूनच त्यांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

त्याच दुपारी महापौरांचे चिरंजीव पिंपळे सौदागरहून गाडी घेऊन आले. येत्या निवडणुकीत ते उभे राहणार होते. दार लोटून घेत म्हणाले, "साहेब, पीएंवरच घ्या ना. त्यांची तयारी आहे. जामिनाचं आम्ही बघतो."

"सही त्यांची नाही."

"वडिलांचं नाव मध्ये आलं तर लोक काय म्हणतील, तुम्हाला कळतंय ना?"

मला तेव्हा काहीच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पीएंना बरोबर घेऊन गावठाणातल्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर फाईली आणि खुर्चीत इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत महापौर.

"या इन्स्पेक्टर, बसा. मोर्चा कुठवर आलाय?"

रस्त्यावर कुठलाही मोर्चा नव्हता. मी पीएंकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली.

सूनबाईंनी मला आत बोलावून सांगितलं, "वर्ष झालं. रोज दहाला तयार होऊन बसतात. सासूबाई गेल्यात हेसुद्धा रोज नव्याने सांगावं लागतं. पीएकाका येतात, कागद पुढे करतात, मामंजी सह्या करतात. संध्याकाळी काका ते फाडून टाकतात. सहीला कागद नसले, तर मामंजी दिवसभर घर डोक्यावर घेतात."

"मग हे पत्र बाहेर कसं गेलं?"

"वस्तीतली एक बाई रडत आली होती. मामंजींनी काकांकडून पत्र टाईप करून घेतलं, सही केली आणि स्वतः तिच्या हातात दिलं. काकांना तिच्या हातातून ओढून घेववेना."

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण पत्रात एका जुन्या ठरावाचा क्रमांक होता. तपासाचा भाग म्हणून तो अभिलेख कक्षात शोधायला लावला. हवालदाराला दोन दिवस लागले. ठराव सापडला, क्रमांकही बरोबर निघाला. याच लोकांना पूर्वी एकदा दुसऱ्या रस्त्यासाठी उठवलं होतं आणि पर्यायी जागा दिल्याशिवाय पुन्हा हलवणार नाही, असं सभागृहाने मान्य केलं होतं. पालिकेत आता तो कुणालाच आठवत नव्हता.

बायको गेल्याचं ज्याला आठवत नाही, त्याला हा क्रमांक कसा आठवला? मी पुन्हा गेलो, एकटाच. समोर बसून विचारलं, "दादा, आपण आता महापौर नाही, हे ठाऊक आहे ना?"

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हाईत हाय की. पण ती बाई दारात आल्यावर काय सांगायचं व्हतं, म्या कुणीच न्हाई म्हणून?"

मी पुढचा प्रश्न विचारणार, तोच त्यांनी टेबलावर हात आपटला. "आयुक्तांना बोलवा. सभा किती वाजता हाय?"

त्यानंतर तासभर बसलो, पण सरळ उत्तर एकही मिळालं नाही.

हस्ताक्षर तज्ज्ञाने सही खरी असल्याचं कळवलं. डॉक्टरांनी विस्मरणाच्या आजाराचा दाखला दिला. पीएंचा खरा जबाब पुन्हा घेतला. गैरसमजातून घडलेला प्रकार म्हणून न्यायालयात 'सी समरी', म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली आणि ठरावाची प्रत अहवालाला जोडली. चिरंजीवांनी वरून दोन फोन करवले. मी अहवाल बदलला नाही. वस्तीतल्या लोकांनी त्याच प्रतीच्या आधारे न्यायालयातून पाडकामाला स्थगिती मिळवली. पुढे काहींना जागा मिळाली, काही अजून तिथेच आहेत.

समोरासमोर पुरेसा वेळ बसलं, की माणसाला काय माहीत आहे आणि काय नाही हे ओळखता येतं, अशी माझी सगळी नोकरीभर समजूत होती. त्या घरातून निघताना ती माझ्यापाशी उरली नव्हती. पुढे निवृत्तीपर्यंत दोषारोपपत्रं लिहिली, शिक्षाही झाल्या. पण 'आरोपीने हे कृत्य पूर्ण जाणिवेने केले' हे वाक्य आलं, की माझं पेन थांबायचं. हाताखालचे अधिकारी वाट बघत उभे असायचे. मी ते वाक्य लिहायचो, नोकरीच होती ती, पण आधी एकदा आरोपीला पुन्हा बोलावून घ्यायचो.