बोंबलाच्या डब्यातला चेक

सुक्या बोंबलाचा वास आला की मला माझा पयला चेक आठवतो. नवं शहर वसवायला सरकारने आमचं शेत घेतलं, मोबदल्याचे पैसे बँकेत पडले, आणि सही गिरवून गिरवून मी चेकबुक मिळवलं. शेत गेल्याचं दुःख सोडून मी चेकबुक खिशात घालून आमच्या तळवली गावभर मिरवायचो. घरात लादी बसवली आणि गवंड्याला ऐटीत चेक फाडून दिला. त्याने तो उलटापालटा केला. "शेठ, सही बरी हाय, पन वानी याच्यावर तांदूल देल का? रोख टाका, नायतर लादी उपटतो." बँक दोन दिवस बंद. आय उठली. मासळी विकून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बोंबलाच्या डब्यात साठवलेल्या नोटा तिने त्याला दिल्या. गवंड्याने त्या हुंगल्या आणि हसला, "हा खरा पैसा!" माझा तोरा उतरला नव्हता. मी आयच्या नावाने चेक लिहिला. "घे आय, तुझे फिटले." "बरं बाला," म्हणाली. तिचं बँकेत खातंच नव्हतं, आणि माझ्या खात्यातलं मी पुढे मोटारसायकलीवर उडवलं. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. आय त्या लादीवर भिंत चाचपत चालायची आणि लादीचा रंग मला विचारायची. ती गेल्यावर डबा उघडला, तर चेक घडी घालून तसाच. इतकी झकास सही मला आजपन जमत नाही.