चौथ्या मिनिटाचं स्ट्रेचर

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होतो, तेव्हाची गोष्ट. फार जुनी नाही. माणसातली माया आटत चाललीय, हा माझा लाडका विषय. पालघरच्या घरी पाहुणा आला की चहा येईपर्यंत मी मानवजातीच्या अंताला पोचलेलो असे. सगळा दोष मोबाइलचा. रस्त्यात माणूस तडफडतो आणि लोक शूटिंग करतात, पुढच्या पिढ्या दगडच निपजणार, वगैरे. बायको म्हणायची, "पुरे आता, त्यांना चहा तरी पिऊ द्या."

कारखान्यात दर काही महिन्यांनी मॉक ड्रिल व्हायचं, म्हणजे वायुगळतीची रंगीत तालीम. भोंगा वाजतो, सगळे मोकळ्या जागेत रांगा लावतात, हजेरी होते, आणि एक जण गॅस लागल्याचं सोंग करून पडतो. त्याला स्ट्रेचरवरून न्यायचं. कोण कितव्या मिनिटाला काय करणार, हे मी स्वतः लिहून काढत असे. पडायचं काम एका हेल्परचं ठरलेलं. सालवडला राहणारा, उत्तरेकडचा, चाळिशीचा माणूस. असा तडफडायचा की हसून हसून पुरेवाट व्हायची.

त्या एप्रिलात सकाळी अकराला भोंगा झाला. तो छाती धरून पडला. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "क्या एक्टिंग है भाई!" टाळ्या पडल्या. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? त्यानं दोनदा पाय झाडले आणि निपचित झाला. मी घड्याळ बघितलं. दुसरं मिनिट चालू होतं. स्ट्रेचर चौथ्या मिनिटाला यायचं होतं.

तेवढ्यात झाडूकामाची बाई रांग मोडून धावली. बेटेगावची, कामाला लागून महिनाही झाला नव्हता. ही तालीम आहे हे इतरांसारखं तिलाही सांगितलं होतं. मी खेकसलो, "मावशी, मागं व्हा! नाटक आहे ते!" तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, गालावरून हात फिरवला आणि किंचाळली, "साहेब, नाटक नाय ओ! गार पडलाय यो!"

मी वाकलो. ओठ निळे पडत होते.

पुढचं काहीच माझ्या कागदात नव्हतं. कसंबसं त्याला गाडीत घातलं आणि बोईसरला दवाखान्यात पोचवलं. हृदयविकाराचा झटका होता. वाचला बिचारा. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलो, आणि खरा हादरा तिथं बसला. शंभरावर माणसं डोळ्यांदेखत माणूस मरताना बघत होती आणि एकाच्याही हातात मोबाइल नव्हता. ते आम्ही गेटवरच जमा करून घेतो. बरं, ही माणसं वाईट म्हणावीत, तर रक्त हवंय म्हटलं की यातलेच दहा जण बाह्या सारून उभे राहतात. त्यांना रांगेत हलू नका म्हणून मी शिकवलं होतं. माणसाची दया यायची वेळ मी लिहून दिली होती, आणि सगळ्यांनी ती इमानानं पाळली. स्वतःची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं. मनात होतं, हिला काहीतरी खूण दिसली असणार. ती समजून घ्यावी, सगळ्यांना शिकवावी.

"मावशी, खरं आहे हे ओळखलंत कसं?"

झाडू थांबवून ती म्हणाली, "वळखायचा काय त्यात? मानूस पडला, मी गेली."

"आणि नाटकच असतं तर?"

"मंग उठला असता ना, साहेब."