दत्ताभाऊंची सुई

गाईला हात लावण्याआधी दत्ताभाऊ दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम करीत. पावसजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा ते तिथले जुने परिचर होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, थंड हात लावलात तर गाय पान्हा चोरते. तुमाला तर रक्त हवंय!" माझी फजिती बघायला गाईच्या मालकाचं सगळं घर खळ्यात, म्हणजे अंगणात, जमलं होतं. रक्त अर्थातच त्यांनीच काढून दिलं.

त्यांचा हात फार चलाख. चहाला उकळी येईपर्यंत अर्ध्या वाडीचं लसीकरण उरकायचं. "आपली एकच सुई, वाडीभर पुरते," असं ते मिशीत हसून सांगत. मी दर जनावराला नवी सुई घ्यायला लावली, तर म्हणाले, "सरकार श्रीमंत झालं वाटतं."

मग एका जर्सी गाईच्या खांद्यापुढच्या गाठी सुजल्या आणि ती वाळत चालली. तिचं रक्त प्रयोगशाळेत पाठवलं. गुरांना रक्ताचा कर्करोग करणारा विषाणू निघाला. वाडीतल्या सगळ्याच गाईंचं रक्त तपासलं, तर धडधाकट दिसणाऱ्या कित्येकींत तो होता. भाऊंच्या घरच्या तांबू गाईतही. यावर औषध नाही, हे मी सांगितलं. तो पसरतो कसा, हेही सांगावं लागलं. एकीचं रक्त दुसरीत गेलं की पसरतो, सुईवरचा थेंबसुद्धा पुरतो.

 दुसऱ्या दिवशी भाऊ घरोघरी गेले आणि प्रत्येकाला म्हणाले, "सुई माजी होती." कोणी तोंडावर बोललं, कोणी चहा पाजला. मी मात्र चिडले. "अहो, चावऱ्या माश्यांनीही पसरतो. तुमच्याच सुईनं झालं कशावरून?"

"माशीनं केलं असंल तर माशी सांगायला येनार नाय, मॅडम. मी येतो."

तांबू तेव्हा गाभण होती. तिला पाडी झाली. भाऊंनी तिला चीक पाजून लगेच वेगळं बांधलं आणि निरोगी गाईच्या दुधावर वाढवलं. दर सोमवारी विचारत, "आता बगूया हिचं रक्त?" आईचा चीक प्यायलेल्या वासराची तपासणी लवकर केली, तर चिकातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे नसलेला रोगही दिसू शकतो. मी म्हणायचे, "सहा महिने थांबा."

"थांबतो. घाईनंच तर घात केला माजा."

सहावा महिना संपायला तीन आठवडे उरले असताना भाऊ झोपेतच गेले.

ठरल्या दिवशी पाडीचं रक्त मी काढलं. अहवाल आला तो घेऊन त्यांच्या घरी गेले. पाडी निरोगी होती. भाऊंच्या पत्नीनं, वहिनींनी, कागद हातात घेतला नाही. एवढंच विचारलं, "म्हंजे हिला त्यांच्या हातून काय झालं नाय ना?"

"नाही वहिनी. काही झालं नाही."

पाडीच्या गळ्यात हात टाकून त्या पोटभर रडल्या. मला आजही भाऊंची आठवण आली की आधी रागच येतो. इतके दिवस थांबलात, आणखी तीन आठवडे थांबला असतात, तर हे तुम्हाला सांगता आलं असतं.