दोऱ्याने मोजलेलं खार्टूम

माझ्या मुलीला दहाव्या वर्षी खार्टूमबद्दल जितकं ठाऊक होतं, तितकं स्वतःच्या बापाबद्दल ठाऊक नव्हतं. त्याला कारण मी.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. बहरीनमध्ये हमद टाउन तेव्हा नव्याने उभं राहत होतं आणि तिथल्या काही घरांचं काम आमच्या कंपनीकडे होतं. मी साइटच्या स्टोअरमध्ये होतो. राहायला रिफाच्या बाहेर, कंपनीच्या कॅम्पात. स्टोअरमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर मजुरांची हजेरी ठेवणारा सुदानचा एक टाइमकीपर बसायचा. उंच, शांत, आणि आम्हा भारतीयांत राहून हिंदी शिकलेला. मला सदीक म्हणायचा, म्हणजे दोस्त.

घरी पत्र पाठवण्यापेक्षा आम्ही कॅसेट पाठवायचो. रजेवर जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत ती टाकायची. गावाकडे अख्खी वाडी ओटीवर जमून ऐकायची, मग त्याच कॅसेटवर घरची माणसं उत्तर भरायची आणि येणाऱ्याबरोबर ती परत यायची. कॅसेट एकच. त्यांचं बोलणं ऐकून झालं की त्याच्यावरच आपण बोलायचं. आवाज पुसतोय, हे तेव्हा मनातही यायचं नाही. आणि ऐकणारी वाडीभर माणसं असल्यामुळे बायकोशी दोन शब्द मनातले बोलायचीही सोय नव्हती. मी हवेविषयी बोलायचो, जेवणाविषयी बोलायचो आणि थांबायचो.

पाचवीत मुलीला शाळेत एका देशाची माहिती लिहायला सांगितली. तिने सुदान घेतला, कारण माझ्या बोलण्यात हा सुदानी यायचा. कॅसेटवर तिचा आवाज आला, "बाबा, तुमच्या मित्राला विचारा, त्यांची राजधानी कशी आहे? नदी आहे का? लोक काय खातात?"

मी त्याला सांगितलं. तो इतका खूश झाला की शुक्रवारी जेवून लगेच माझ्या खोलीवर आला आणि टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालून बसला. "पहले नाइल बोलो," तो म्हणाला, "नाइल नहीं तो खार्टूम मफी, नहीं है!"

तो बोलायचा, मी मराठीत सांगायचो. इथियोपियाकडून निळी नाइल येते, दक्षिणेकडून पांढरी. दोघी खार्टूमला भेटतात, पण भेटल्यावरही काही अंतर दोन रंग वेगळे दिसतात. भेटून नदी उत्तरेकडे जाते. पलीकडच्या काठांना ओमदुरमान आणि उत्तर खार्टूम, म्हणजे तिन्ही मिळून एकच मोठं शहर. सुदान तेव्हा आफ्रिकेतला सगळ्यात मोठा देश होता. इंग्रज तिथून गेले ते आपल्यानंतर आठ-नऊ वर्षांनी. दोन नद्यांच्या मधल्या जमिनीत कापूस. धुळीचं वादळ येतं त्याला हबूब म्हणतात. आणि तिथल्या बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक जगभर जातो. हे ऐकून मी त्याला बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचं सांगितलं, तर तो हसत सुटला. "सदीक, हमारा गोंद तुम्हारा औरत लोग खाता है? हम तो चिपकाता है!"

मुलीला वर्गात शाबासकी मिळाली. तिने आणखी प्रश्न पाठवले, आम्ही आणखी उत्तरं. मला वाटायचं, बाप म्हणून काहीतरी देतोय.

त्या वर्षी मे महिन्यात मी रजेवर जाणार होतो. दोन वर्षं झाली होती, मुलीला शब्द दिला होता. त्याच सुमारास मुख्य स्टोअरच्या इनचार्जची जागा रिकामी झाली. उन्हाळाभर जो इथे राहील त्याला ती मिळणार, असं इंजिनीअरने सांगितलं. जुना म्हणून पहिला हक्क सुदान्याचा होता. तो म्हणाला, "मैं जाता है. मेरा बिंत, बेटी, उसका दो दाँत गिरा. नया आने से पहले देखना है."

"दातांसाठी?" मी म्हणालो.

"आगे का दाँत है, सदीक," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. आणि गेला.

मग इंजिनीअरने मला विचारलं, "तेरा भी छुट्टी है ना?" मला कुणी अडवलं नव्हतं. मी म्हणालो, नाही साहेब, मी थांबतो.

मेमध्ये येत नाही, हे घरी सांगायचं होतं. वाडीतला एक सुतार गावी निघाला होता, त्याच्यासाठी कॅसेट भरायला बसलो. बटण दाबलं आणि तोंडून निघालं, सुदानी काका घरी गेले बरं का, आता ते नाइलच्या काठावर असतील. मग तिथल्या आल्याच्या कॉफीविषयी, उन्हाविषयी, बाजाराविषयी, जे जे त्याच्याकडून ऐकलं होतं ते सगळं बोललो. एक बाजू भरली. रजेचं नाव काढलं नाही. सुताराला म्हणालो, "तोंडी सांग, काम आहे म्हणावं."

जूनमध्ये कॅसेट परत आली. आधी शेजारणीचा आवाज, हसण्यासकट, "ह्ये नक्की बहरीनलाच हायत ना गो? का आफ्रिकेत दुसरं घर केलानी?" मागे बायका हसल्या. मग मुलगी आली. शाळेत धडा म्हणतात तशी.

"बाबा, मी नकाशावर दोऱ्याने मोजलं. बहरीन सापडत नव्हतं, बाईंनी ठिपका दाखवला. बहरीनपासून खार्टूमपर्यंत एक दोरा घेतला, आणि बहरीनपासून आपल्याकडे दुसरा. आपला दोरा तांदळाच्या एका दाण्याएवढाच जास्त भरला. काका गेले ना घरी? मग तुम्हाला का नाही येता येत?"

पुढे नुसती खरखर.

मी तेव्हा इनचार्जच्या खुर्चीत बसायला लागलो होतो. फोरमन मला विचारून कुलूप उघडायचा. ते मला आवडत होतं. एवढंच कारण होतं, पण दहा वर्षांच्या मुलीला, अख्ख्या वाडीसमोर, ते कसं सांगणार होतो?

बुदैयाकडे राहणारा एक ड्रायव्हर त्या आठवड्यात गावी निघाला होता. मी टेप मागे नेली. रेकॉर्डचं बटण दाबलं. खजूर पिकायला लागलेत म्हणून सांगितलं, आईला त्रास देऊ नकोस म्हटलं. मी बोलत होतो आणि खाली तिचा प्रश्न पुसला जात होता. या वेळी ते मला कळत होतं. मी बोलत राहिलो. आज तिचा तो आवाज ऐकायला मी काय देईन, ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतरच्या कॅसेटमध्ये मुलगी नव्हती. बायको म्हणाली, अभ्यासाला बसलीय. पुढच्यातही तेच.

पुढच्या मेमध्ये गेलो. एसटी थांब्यावर ती आईबरोबर उभी होती, आईच्या खांद्याला लागलेली. मी बॅगा खाली ठेवायच्या आतच तिने विचारलं, "किती दिवस?"

"तीस," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि दोन बॅगांतली हलकी होती ती, पाहुण्याला देतात तशी, मला देऊन जड घेऊन पुढे चालू लागली.